ठाव

बर्डीवर, बॅगांच्या दुकानाच्या वरच्या माळ्यावर
संध्याकाळी सात ते साडेआठ माझी बॅच असते.
मे महिना. कूलरची टाकी तासात दोनदा कोरडी.
फळ्यावर लिहिलं : आय ॲम आउट ऑफ माय डेप्थ.
शब्दशः : पाय टेकत नाहीत एवढ्या पाण्यात असणे.
खाली रेघ.
लाक्षणिक : आवाक्याबाहेर असणे.
पहिला अर्थ सोडून द्या, म्हटलं,
तो बोलण्यात येत नाही.

शेवटच्या बाकावर तुळशीदास मौंदेकर.
वय बेचाळीस, नखांच्या कडांना कायमचा हिरवट गाळ.
ऐकताना डावा कान पुढे करतो;
उजवा फुटाळ्यानं नेला.
महानगरपालिकेकडे रोजीवर बुडी मारतो :
चाव्या, मोबाइल, एकदा अख्खी स्कूटी,
आणि ज्याच्यासाठी काठावर ॲम्ब्युलन्स
दिवे बंद करून उभी असते, ते.

“मॅडम, पहिला काहून सोडाचा?”

मी घड्याळाकडे पाहिलं. तो उभाच राहिला.

“वर पानी चहावानी, खाली माठातलं.
बारा फुटाच्या खाली आपला हात आपल्याले दिसत नाही.
मंग डोळे मिटूनच घेतो. काय कामाचे?
कान ठणकला का समजते किती आलो.
पाय खाली सोडाचे. गाळ लागते, मऊ.
ठाव लागला का जीव शांत होते.
तिथं मी आउट नाही, मॅडम. तिथं मी इन आहो.”

बॅच हसली. मीही हसले, थोडं.

“आउट कवा झालो, सांगू?
पोरीच्या ॲडमिशनले सिस्टरनं फॉर्म देल्ला. चार पानं.
मंग मले काहीतरी इचारलं, मोठ्या प्रेमानं.
खुर्चीत बसलो होतो मी. चपला फरशीवर.
तरी पाय टेकत नव्हते.
पोरगी माह्या तोंडाकडे पाहून राह्यली होती.”

आता कुणी हसलं नाही.
कूलरची टाकी संपल्याचा खडखडाट तेवढा.

“तुमाले पोहता येते?”
नाही.
“मंग हे तुमाले कोनं शिकवलं?”
पुस्तकातून, म्हटलं.
त्यानं मान डोलावली,
हरवलेल्या माणसाच्या नातेवाइकांपुढे डोलावत असेल
तशी, सांभाळून.

ते सगळे गेल्यावर ‘आवाक्याबाहेर’ पुसलं.
लिहिलं : ठाव न लागणे.
आणि मग मार्करला टोपण लावता लावता दिसलं
ठाव आणि ठाऊक शेजारी शेजारी.
एम.ए.ला दोन वर्षं भाषाशास्त्र होतं,
पण हे कुणी बोललं नाही :
ठाऊक असणं म्हणजे कुणीतरी कधीतरी
खाली जाऊन पाय टेकवून आलेला असणं.
माझं ठाऊक असलेलं मी मोजू लागले
आणि जिन्यातच थांबवलं ते.

जूनच्या फीला तो आला नाही.
पोरीचं काय झालं, कळलं नाही.

एकदा सकाळी फुटाळ्यावरून जाताना गर्दी दिसली.
रिक्षावाल्याला थांबवलं, का ते माहीत नाही.
काठावर एक बाई, पायात दोन वेगवेगळ्या चपला.
पाण्यात कुणीच नाही, कितीतरी वेळ.
मग तो वर आला, तोंड उघडं,
केसात शेवाळ, उजव्या कानावर हात.
बाईनं काही विचारलं नाही.
तोच म्हणाला,
“ठाव नाही, माय.”
आणि श्वास घेऊन परत गेला.
दोन्ही अर्थ काठावर तसेच,
कोणता कुणाचा ते मला अजून लावता आलेलं नाही.

रात्री लाइट गेली.
अंधारात पलंगावरून पाय खाली सोडला.
फरशी
नेहमीपेक्षा जरा उशिरा लागली.